शाबासकी नको, भांडण हवं

आमच्या केंद्राच्या जिन्याखाली चहाची टपरी आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी चालू होती, तेव्हा या टपरीवर तीन दिवस जणू सभाच भरली होती. रिक्षावाले, पलीकडच्या बँकेतला शिपाई, कोर्टातून परतणारा एक वकील, गॅरेजमधली दोन पोरं. जिंकायला १२४ धावा हव्या होत्या आणि आपण ९३ मध्ये आटोपलो. मग काय, प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. वॉशिंग्टन सुंदरला तिसऱ्या क्रमांकावर कुणी पाठवलं? एका संघात चार फिरकीवाले कशाला? असली खेळपट्टी मागितली कुणी? एक रिक्षावाला त्या वकिलाला तोंडावर म्हणाला, "साहेब, तुम्हाला यातलं शष्प कळत नाही." आणि वकिलाने ते ऐकून घेतलं! दुसऱ्या कुठल्या विषयावर आपल्या समाजात हे घडतं, सांगा.

दुपारी आम्ही तिघी खाली उतरलो. "या ताई" म्हणून जागा करून दिली, चहा आधी दिला आणि बोलणं थांबलं. मी म्हटलं, शुभमन गिल मान धरून बाहेर बसला होता, म्हणजे मुळात आपण दहाच जणांनी खेळलो, हे कुणी धरतच नाही. पाढे म्हणून दाखवणाऱ्या पोराकडे बघून हसावं तसे सगळे माझ्याकडे बघून हसले. गॅरेजमधल्या पोराने फार मायेने मला फिरकी म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

यात दुष्टावा अजिबात नव्हता, हे मुद्दाम नोंदवते. दुष्टावा असता तर सोपं गेलं असतं.

याच टपरीवर पंधरवड्यापूर्वी पेढे वाटले गेले होते. २ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. "पोरींनी नाव काढलं!" असं जो तो म्हणत होता. मलाही भरून आलं होतं. पण पेढा खाऊन झाल्यावर विषय मिटला. आता बघा, त्या विजयात भांडायला केवढं होतं. शफाली वर्मा मूळच्या पंधरा जणींत नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐन उपांत्य फेरीला तिला बोलावलं आणि अंतिम सामन्यात तिने ८७ धावा करून दोन बळीही घेतले. मग तिला मुळात वगळलं ते चूक की बरोबर? प्रतिकाने त्याच स्पर्धेत न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकलं होतं, तेव्हा बरोबरच होतं असंही म्हणता येईल. पुढच्या मालिकेत दोघींपैकी कुणाला घ्यायचं? पुरुषांच्या संघात असा पेच पडला असता तर टपरीवाल्याला दुधाची दुसरी पिशवी फोडावी लागली असती. मुलींच्या बाबतीत एकानेही तोंड उघडलं नाही. निवड समितीच्या अध्यक्षाचं नाव विचारलं तर अजित आगरकर हे पटकन येतं. त्याच काळात पाच वर्षं महिलांची निवड समिती सांभाळणाऱ्या नीतू डेव्हिडचं नाव तिथे कुणालाही सांगता आलं नाही. १९९५ मध्ये जमशेदपूरला इंग्लंडविरुद्ध या नीतूने एका डावात ५३ धावांत ८ बळी घेतले होते. तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. महिला कसोटीत एका डावातली यापेक्षा चांगली गोलंदाजी आजवर कुणी केलेली नाही. आणि तो सामना आपण दोन धावांनी हरलो. दोन! पुरुषांचा संघ असा दोन धावांनी हरला असता तर तीस वर्षं झाली तरी ती जखम लोकांनी भरू दिली नसती.

म्हणून मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच की या कौतुकाने हुरळून जाऊ नका. कौतुक परक्याचं करतात. जे आपलं असतं त्याच्याशी माणूस भांडतो. घरात सुनेच्या पुरणपोळीचं चारचौघांत कौतुक होतं, पण घर विकायचं की नाही हे ठरवताना तिला विचारत नाहीत. "पोरी छान खेळतात हो" हे वाक्य त्याच जातीचं आहे.

आणि हे फक्त मानापमानाचं दुखणं असतं तर मी पानं अडवली नसती. ज्याच्याबद्दल लोक भांडत नाहीत ते हळूच काढून घेता येतं. महिलांचं कसोटी क्रिकेट असंच काढून घेतलं गेलं.

१९७३ मध्ये आपल्या पुण्यात बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा संघ होते तीन. तीनच वर्षांत, १९७६ च्या ऑक्टोबरात, बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध शांता रंगास्वामीचा संघ पहिली कसोटी खेळला आणि पुढच्याच महिन्यात पाटण्याला आपण कसोटी जिंकलोसुद्धा. डायना एडलजी, पुण्याची शुभांगी कुलकर्णी, १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये १९० धावांची खेळी करणारी संध्या अगरवाल या सगळ्या कसोटीच्या खेळाडू. संघटनेकडे पैसा नव्हता, तरी सामने होत होते. २००६ मध्ये महिलांचं क्रिकेट श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या छपराखाली आलं. आता दिवस पालटतील असं सगळ्यांना वाटलं. आणि २००६ नंतरची कसोटी झाली थेट २०१४ मध्ये! वर्म्स्लीला त्या दिवशी आपल्या अकरा जणींपैकी आठ जणी पहिलीच कसोटी खेळत होत्या. त्यांनी इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवलं. त्यानंतर त्याच वर्षी म्हैसूरला एक कसोटी, आणि पुन्हा २०२१ पर्यंत काही नाही. सांगलीची स्मृती मानधना अठराव्या वर्षी पहिली कसोटी खेळली, त्याच वर्षी दुसरी खेळली आणि तिसरीसाठी जवळजवळ सात वर्षं थांबली. सचिन तेंडुलकर २०० कसोट्या खेळला. मिताली राज आणि झूलन गोस्वामी दोन दशकं देशासाठी राबल्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला १२ आल्या. मितालीने तिच्या तिसऱ्याच कसोटीत, टॉन्टनला, २१४ धावा केल्या होत्या. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिला आणखी शंभर कसोट्या मिळाल्या असत्या तर ती कोण झाली असती, हे आता कुणालाच कळणार नाही.

२०२१ मध्ये ब्रिस्टलला सात वर्षांनी कसोटी मिळाली ती कुठल्या खेळपट्टीवर? आधी एका टी-ट्वेंटी सामन्यासाठी वापरून झालेल्या. इंग्लंडच्या मंडळाला त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. हे वाचलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं बाईच्या ताटात, हा रिवाज फक्त आपल्याकडचाच आहे असं मी समजत होते! त्या शिळ्या खेळपट्टीवर फॉलोऑन मिळालेल्या आपल्या मुलींनी सामना वाचवला. स्नेह राणा आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद ८० करून परतली. ती त्या दिवशी पहिलीच कसोटी खेळत होती.

आणखी एक हिशेब सांगते, कारण तो मी कुठल्याच टपरीवर ऐकलेला नाही. पुरुषांच्या कसोटीत दिवसाला ९० षटकं टाकायची असतात, बायकांच्या कसोटीत १००. पण पुरुषांना पाच दिवस आणि बायकांना बहुधा चारच. काम जास्त, मुदत कमी. ओळखीचं वाटतं की नाही? 'बायकांना पाच दिवस झेपणार नाहीत' असं कुणी म्हटलंच तर २०२३ च्या जूनमध्ये ट्रेंट ब्रिजला इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या मुली पाच दिवसांची कसोटी खेळल्या हे सांगावं. मैदानात कुणी चक्कर येऊन पडलं नाही.

समान वेतनाची गोष्टही अशीच. २०२२ च्या ऑक्टोबरात क्रिकेट मंडळाने जाहीर केलं की सामन्याचं मानधन बायकांना आणि पुरुषांना सारखं. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. आपल्यातल्याही अनेकींनी टाळ्या वाजवल्या. त्या निर्णयाला मी नावं ठेवत नाही. तो मिळवायला खेळाडूंच्या दोन पिढ्या गेल्या. पण २०२५ या पूर्ण वर्षात भारताचे पुरुष १० कसोट्या खेळले आणि मुली एकही नाही. दहा गुणिले पंधरा लाख आणि शून्य गुणिले पंधरा लाख, दर मात्र अगदी समान! शेतमजूर बाईला पुरुषाइतकी मजुरी जाहीर करायची आणि कामावर बोलवायचंच नाही, ही युक्ती रोजगार हमीच्या कामांवर आपण पाहिलेली आहे. आणि वर्षाच्या कराराचं काय? २०२४-२५ च्या यादीत पुरुषांच्या सगळ्यात खालच्या श्रेणीला एक कोटी होते. बायकांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीला, म्हणजे हरमनप्रीत, स्मृती आणि दीप्तीला, ५० लाख.

संघनिवडीवर वाद घालायचा तर आधी निवडायला काहीतरी समोर असावं लागतं. पुरुषांचा वाद रणजी करंडकावर उभा असतो. अमक्याने इतक्या धावा केल्या तरी त्याला घेत नाहीत, म्हणून मुंबईकर वर्षानुवर्षं घसा फोडून ओरडतात. मुलींना २०१८ नंतर देशांतर्गत लाल चेंडूचा सामनाच नव्हता. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्याला विभागीय संघांचे तीन दिवसांचे सामने झाले, तेव्हा कुठे ती वाट पुन्हा उघडली. म्हणजे २०२३ च्या डिसेंबरात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईत लागोपाठ दोन कसोट्या झाल्या, तेव्हा निवड समिती कशावर संघ निवडत होती? पन्नास आणि वीस षटकांच्या सामन्यांवर. कसोटी खेळू शकेल की नाही ते कसोटीतच कळणार! शुभा सतीश अशीच आली, पहिल्याच डावात ६९ धावा केल्या आणि बोट दुखावून बाहेर गेली. पुढच्या आठवड्यात वानखेडेवर रिचा घोष तशीच आली आणि तिने ५२ केल्या. मुलींनी निवड समितीची लाज राखली, असं मी म्हणेन. अशी निवड म्हणजे परीक्षेला बसवायचं आणि पुस्तक द्यायचं नाही.

आता थोडं आपल्या आपल्यात.

आपल्या शिबिरांमध्ये, बैठकांमध्ये क्रिकेटचं नाव काढलं की दोन प्रतिक्रिया येतात. एक, "हा भांडवलदारांचा बाजार आहे, त्याच्याशी आपला काय संबंध?" आणि दुसरी, किंचित अभिमानाने, "मला बाई त्यातलं काही कळत नाही." पहिलीशी मी निम्मी सहमत आहे. तो बाजार आहेच. शेजारच्या देशाशी सामना असला की जो उन्माद चढतो तो मलाही घाबरवतो, आणि सामना हरल्याचा राग घरातल्या बाईवर निघाल्याच्या तक्रारी आपल्या सल्ला केंद्रांवरच्या कार्यकर्त्यांना नव्या नाहीत. पण बाजार तर साडीचाही आहे, सोन्याचाही आहे, लग्नाचा तर आहेच. तिथून आपण पाय काढता घेतला का? उलट तिथेच जाऊन बोललो.

दुसरी प्रतिक्रिया मला जास्त खटकते. 'मला कळत नाही' हे वाक्य आपण राजकारणाबद्दल ऐकलं, पैशाबद्दल ऐकलं, सातबाऱ्याबद्दल ऐकलं. प्रत्येक वेळी आपण त्या बाईला विचारलं की तुला कळत नाही, की तुला कळू दिलेलं नाही? मग क्रिकेटला सूट कशासाठी?

माझी काकू या बाबतीत माझी गुरू. १९७९ ची ओव्हलची कसोटी. चौथ्या डावात ४३८ धावा करायच्या होत्या आणि गावस्कर पेटला होता. आमच्या चाळीतल्या खोलीत ट्रान्झिस्टरभोवती घरातले आणि शेजारचे मिळून दहा पुरुष. काकूला बाहेर यायला बंदी. का, तर आधी एकदा ती चहा घेऊन आली आणि त्याच वेळी विकेट गेली म्हणे. पांढऱ्या पायाची! विधवेला लग्नात, वांझ म्हणवल्या जाणाऱ्या बाईला बारशाला जे ऐकावं लागतं, ते माझ्या सुवासिनी, लेकुरवाळ्या काकूला क्रिकेटने ऐकवलं. ती उंबऱ्याच्या आत बसून ऐकत होती. गावस्कर २२१ वर बाद झाला. काकू तर जागेवरून हललीही नव्हती. मग शोध लागला की तिने आतून "किती झाले?" असं विचारलं होतं.

पण मला आठवतं ते दुसरंच. वेंगसरकर बाद झाल्यावर विश्वनाथला मागे ठेवून कपिलदेवला पुढे पाठवलं आणि तो शून्यावर गेला. काकू पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "विशीला पाठवायचा तर याला काय पाठवलं?" सामना अनिर्णित राहिला, नऊ धावा कमी पडल्या. त्या सामन्याची गोष्ट निघाली की आजही जाणते लोक हेच म्हणतात. काकूला ते त्या क्षणी कळलं होतं, पण ऐकायला होते मी आणि पोळपाट. बाहेर ती बोलली असती तर काय झालं असतं? हसले असते. आज माझ्याकडे टपरीवर हसतात तसेच.

बाईला मत नसतं असं नाही. मताला लागते ती सवड नसते. कसोटी सामना म्हणजे पाच दिवस, रोज सहा-साडेसहा तास. इतका सलग वेळ कुठल्या घरच्या बाईने आयुष्यात एका जागी बसून काढलाय? बाळंतपण सोडून! कसोटीची खरी मजा धावफलकात नसते, कंटाळवाण्या मधल्या सत्रात असते. गोलंदाज अर्धा तास एकच चेंडू टाकत राहतो आणि मग एक वेगळा टाकतो. ते दिसायला आधीचा अर्धा तास बघावा लागतो. त्या अर्ध्या तासात बाई कुकरची शिट्टी मोजत असते. बाहेर आल्यावर विचारते, "कोण गेला?" आणि सगळे म्हणतात, बायकांना काय कळतंय. चहा मात्र तीच करून आणते.

ही सवडीची आणि मैदानाची वाटणी लहानपणीच सुरू होते. आमच्या बचत गटातल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका बाईची मुलगी डावखुरी फिरकी टाकते. चांगली टाकते, हे मी कौतुकाने नाही, बघून सांगते. तिच्या हातून सुटलेला चेंडू उजव्या फलंदाजाच्या पायावर पडून बाहेर जातो. उपनगरातल्या ज्या क्लबात ती जाते तिथे मुलींना जाळी मिळते दुपारी दोन ते चार. उन्हात. सकाळ-संध्याकाळ मुलग्यांची. मुलींसाठी स्वच्छतागृह नाही म्हणून घरून निघताना ती पाणी पीत नाही. एप्रिलमध्ये, दोन तास गोलंदाजी करायची असताना! निवड चाचणी गुरुवारी आहे हे बुधवारी रात्री नऊला फोनवर कळलं. आईने खाडा केला, दोन घरची मालकीण रागावली. चाचणीत तिला सहा चेंडू टाकायला मिळाले. फिरकीवालीला सहा चेंडू! आणि टेबलामागच्या गृहस्थांनी आईला विचारलं, "लग्न केव्हा करणार? मागाहून सोडून देतात या, म्हणून विचारलं." तिचं नाव यादीत आलं नाही. कदाचित दुसऱ्या मुली खरंच तिच्यापेक्षा चांगल्या असतील, मी नाही म्हणत नाही. पण मुलग्याची निवड झाली नसती तर बाप, मामा, गल्लीतली टोळी क्लबाच्या दारात जाऊन भांडली असती. या मुलीची निवड का झाली नाही हे विचारायला कुणीही गेलं नाही. आम्ही चौघी गेलो तेव्हा आम्हाला खुर्च्या दिल्या, सरबत दिलं, आणि "ताई, मुलींसाठी आम्ही किती करतो" हे अर्धा तास ऐकवलं. जाळीची वेळ बदलायचं लेखी मागणीपत्र आम्ही देऊन आलो आहोत. उत्तर अजून आलेलं नाही.

निवड ही नुसती खेळातली बाब आहे असं महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. पुण्याच्या क्लबात पळवणकर बाळूच्या फिरकीवर सामने जिंकायचे आणि चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात द्यायचा, हे आपल्याच मातीत झालं. त्याची गोलंदाजी चालत होती, पण हिंदू संघाचं कर्णधारपद कधीही मिळालं नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळालं. तेही आपोआप नाही. त्याआधी भावांनी संघातून अंग काढून घेतलं होतं, लोक बोलले होते. कोण खेळणार, कोण नेतृत्व करणार, कोण कुठल्या कपातून चहा पिणार, हे सगळं एकाच यादीत लिहिलेलं असतं.

२०२३ च्या डिसेंबरात, २४ तारखेच्या रविवारी, आम्ही सात जणी वानखेडेवर गेलो होतो. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा चौथा दिवस. आदल्या संध्याकाळी हरमनप्रीतने स्वतः चेंडू हातात घेऊन ताहलिया मॅग्रा आणि अलिसा हिली या दोघींना बाद केलं होतं. आमच्यातली रेल्वेतून निवृत्त झालेली मैत्रीण सकाळपासून एकच धोशा लावून बसली होती, की ही बया स्वतःला एक तास आधी आणती तर सामना शनिवारीच संपला असता. मी म्हणत होते, नाही, जोडी जमल्यावर अनोळखी गोलंदाज आणण्यातच शहाणपण होतं. आमचा आवाज चढला. मागच्या रांगेतले एक सद्गृहस्थ वाकून म्हणाले, "मॅडम, तुमची मुलगी आहे का संघात?" बाई इतकं पोटतिडकीने बोलते म्हणजे नक्की कुणाची तरी आई असणार! मैत्रीण म्हणाली, "नाही, मी हिची निवड समिती आहे." ऑस्ट्रेलियाच्या शेवटच्या पाच विकेट २८ धावांत गेल्या, स्नेह राणाने डावात चार बळी घेतले, आणि ऑस्ट्रेलियाला आपण पहिल्यांदाच कसोटीत हरवलं. ते गृहस्थ टाळ्या वाजवत होते. आम्ही भांडतच बाहेर पडलो. चर्चगेटपर्यंत.

मराठीत एक सोय आहे, ती सांगून टाकते. इंग्रजीत 'बॅट्समन' हा शब्द कायदेशीरपणे बदलायला २०२१ साल उजाडावं लागलं. आपला 'फलंदाज' आधीपासून तोही आहे आणि तीही. भाषेने जागा ठेवलेली आहे, आपण बसत नाही एवढंच.

तर बसू या. तुमच्या गटात, महिला मंडळात, कचेरीतल्या डब्याच्या सुट्टीत, लोकलच्या लेडीज डब्यात. मुलींची कसोटी केव्हा आहे ते शोधा, नसेल तर का नाही ते विचारा. वर्षाला चार तरी कसोट्या आणि राज्यांच्या मुलींसाठी लाल चेंडूची पूर्ण स्पर्धा, ही मागणी आपल्या पत्रकांत येऊ द्या. आणि संघ जाहीर झाला की "शाबास पोरींनो" म्हणून थांबू नका. नावं वाचा. चुकलेल्या वाटल्या तर चुकल्या म्हणा.

मी सुरुवात करते. त्याच २०२३ च्या डिसेंबरातली नेरूळची इंग्लंडविरुद्धची कसोटी. आपल्या ४२८, त्यांच्या १३६. दीप्ती शर्माने सात धावांत पाच जणींना गुंडाळलं. २९२ धावांची आघाडी, समोरचा संघ छत्तीसाव्या षटकात गारद, आपल्या गोलंदाज ताज्यातवान्या. आणि हरमनप्रीतने फॉलोऑन दिला नाही! पुन्हा फलंदाजी केली, ६ बाद १८६ वर डाव सोडला. आपण ३४७ धावांनी जिंकलो, महिला कसोटीतला तो धावांच्या हिशेबात सर्वांत मोठा विजय, म्हणून कुणी बोललं नाही. मी बोलते. चार दिवसांच्या सामन्यात, आदल्या रात्री काय पाऊस-वादळ येईल याचा भरवसा नसताना, प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला वेळ देणं हे धोरण मला मान्य नाही.

रेल्वेवाली मैत्रीण म्हणते, तुला कळत नाही. या मुलींना कसोटीत फलंदाजी करायला मिळते कधी? दोन वर्षांनी एक डाव मिळतो. पुढच्या आठवड्यात ऑस्ट्रेलिया समोर होती. हातात आलेला डाव फॉलोऑन देऊन सोडायचा? तिने पोरींना सराव दिला, तो मंडळाने द्यायचा तो.

युक्तिवाद चांगला आहे. पण फॉलोऑन द्यायलाच हवा होता.